ग्राउंड टाइप वाढवायचाय? आधी समोरचा पाहा, मग आभाळ पाहा

पोकेमॉन गो खेळणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या वाचकांच्या शंका फिरून फिरून ग्राउंड टाइपपाशीच येतात. रायपेरियरवर एवढा स्टारडस्ट घातला, तरी पाण्याच्या साध्या पोकेमॉनपुढे तो का कोसळतो? चारिझार्ड आगीचा, आणि ग्राउंड आगीवर भारी, मग हल्ला लागत का नाही? कार्टूनमध्ये पिकाचूने ऑनिक्सला हरवलं, मग खेळात तसं का होत नाही?

या सगळ्यांचं उत्तर एकाच सवयीत आहे. ‘हा पोकेमॉन भारी आहे का’ असं विचारू नका. ‘समोर कोण आहे, आणि वर आभाळ कसं आहे’ असं विचारा. ही सवय लागली तर ग्राउंड टाइप बीडच्या खेळाडूला भरपूर साथ देतो, आणि तसं होण्यामागे आपल्याकडचं हवामानही आहे. कोणता पोकेमॉन वाढवावा, कुठे उतरवावा, कुठे आवरावा आणि पैसे व खातं कसं सांभाळावं, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : गुणोत्तरं पाठ करा

पोकेमॉन गोमध्ये हल्ला योग्य टाइपवर बसला की नुकसान १.६ पट होतं. नको त्या टाइपवर गेला तर ०.६२५ पट, आणि अगदीच न लागणाऱ्या टाइपवर गेला तर ०.३९ पट. ग्राउंडपुरतं एवढं लक्षात ठेवा:

- ग्राउंडचा हल्ला जोरात लागतो : फायर, इलेक्ट्रिक, पॉयझन, रॉक आणि स्टील यांना (१.६ पट).
- ग्राउंडचा हल्ला कमी लागतो : ग्रास आणि बग यांना (०.६२५ पट).
- ग्राउंडचा हल्ला जवळजवळ वाया जातो : फ्लाइंगला (०.३९ पट).
- ग्राउंड पोकेमॉनला जास्त लागतं : वॉटर, ग्रास आणि आइस यांच्या हल्ल्यांनी (१.६ पट).
- ग्राउंड पोकेमॉनला कमी लागतं : पॉयझन आणि रॉक यांच्या हल्ल्यांनी (०.६२५ पट). इलेक्ट्रिकचा हल्ला तर ०.३९ पटच लागतो.

आता कार्टूनची शंका. आपल्याकडे २००३ पासून टीव्हीवर पोकेमॉन पाहत मुलं मोठी झाली, त्यामुळे पिकाचू आणि ऑनिक्सची लढत अनेकांच्या मनात पक्की आहे. त्या भागात ब्रॉकच्या जिममध्ये आग विझवण्याचे फवारे सुरू होतात, ऑनिक्स भिजतो आणि मगच पिकाचूचा झटका त्याला लागतो. ती गोष्टीची सोय होती. खेळात ऑनिक्स रॉक आणि ग्राउंड असा दुहेरी आहे. पिकाचूचा विजेचा हल्ला त्याच्यावर ०.३९ पटच बसतो, मग ऑनिक्स भिजलेला असो वा नसो.

निन्टेन्डोच्या यंत्रावरचे मूळ पोकेमॉन गेम खेळलेल्यांनी आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे ग्राउंडवर इलेक्ट्रिकचा परिणाम शून्य असतो. पोकेमॉन गोमध्ये शून्य नाही, थोडं लागतंच. शिवाय मूळ गेममध्ये वीझिंग किंवा ब्राँझाँगसारखे तरंगणारे पोकेमॉन ग्राउंडच्या हल्ल्यातून सुटतात. पोकेमॉन गोमध्ये तरंगण्याचा हा गुणच ठेवलेला नाही, म्हणून तिथे दोघांनाही ग्राउंड जोरात लागतो. समोर ब्राँझाँग आला तर बिनधास्त ग्राउंड उतरवा.

पायरी २ : पोकेमॉनचा टाइप आणि मूव्हचा टाइप वेगळा धरा

सर्वाधिक स्टारडस्ट वाया जातो तो इथे. पोकेमॉन ग्राउंडचा असला म्हणून त्याचा हल्ला ग्राउंडचा असेलच असं नाही. रायपेरियरकडे स्मॅक डाउन आणि रॉक रेकर या मूव्ह असतील तर तो रॉकचा हल्लेखोर झाला. गारचॉम्पकडे ड्रॅगनच्या मूव्ह असतील तर तो ड्रॅगनचा हल्लेखोर. असे पोकेमॉन रायकूसमोर ‘ग्राउंड’ म्हणून उतरवले तर १.६ पटीचा फायदा मिळणारच नाही.

प्रत्येक पोकेमॉनच्या पानावर मूव्ह पाहा. ग्राउंडच्या नेहमीच्या मूव्ह अशा:

- फास्ट मूव्ह : मड शॉट आणि मड-स्लॅप. मड शॉट ऊर्जा पटकन साठवतो, मड-स्लॅपचा प्रत्येक फटका जड असतो.
- चार्ज्ड मूव्ह : अर्थक्वेक, अर्थ पॉवर, ड्रिल रन, स्कॉर्चिंग सँड्स, हाय हॉर्सपॉवर. ग्राउडॉनची खास मूव्ह म्हणजे प्रेसिपिस ब्लेड्स.

पोकेमॉन स्वतः ग्राउंडचा आणि मूव्हही ग्राउंडची असेल तर आणखी १.२ पटीची भर पडते. म्हणून फास्ट आणि चार्ज्ड या दोन्ही मूव्ह ग्राउंडच्या असलेला पोकेमॉनच रेडसाठी ‘ग्राउंड’ मोजा. तो शोधायची सोय खेळातच आहे. पोकेमॉनच्या यादीवरच्या शोधपट्टीत टाइपचं नाव टाकलं की त्या टाइपचे पोकेमॉन दिसतात. नावाआधी ॲट-चिन्ह लावलं की त्या टाइपची मूव्ह असलेले पोकेमॉन दिसतात. हे दोन शोध एकदा केलेत तर कोणाकडे काय आहे याचा उलगडा होईल.

पायरी ३ : दुसरा टाइप कधीही नजरेआड करू नका

ग्राउंडचे बरेचसे नामांकित पोकेमॉन दुहेरी टाइपचे आहेत. दोन्ही टाइपांना एकच हल्ला घातक असेल तर १.६ चा १.६ शी गुणाकार होतो आणि नुकसान २.५६ पट होतं. रायपेरियर पाण्यापुढे का टिकत नाही त्याचं उत्तर हेच: रॉकलाही पाणी घातक, ग्राउंडलाही पाणी घातक.

- रॉक-ग्राउंड (ऑनिक्स, गोलेम, रायपेरियर) : वॉटर आणि ग्रास दुप्पट घातक, २.५६ पट. शिवाय आइस, फायटिंग, ग्राउंड आणि स्टीलही त्रासदायक.
- ड्रॅगन-ग्राउंड (गारचॉम्प, फ्लायगॉन) : आइस २.५६ पट. ड्रॅगन आणि फेअरी १.६ पट. वॉटर आणि ग्रास मात्र साधेच लागतात.
- फ्लाइंग-ग्राउंड (ग्लायस्कोर, लँडोरस) : आइस २.५६ पट, वॉटर १.६ पट.
- वॉटर-ग्राउंड (स्वॅम्पर्ट, क्वॅगसायर, व्हिस्कॅश) : वैरी एकच, ग्रास, पण तोही २.५६ पट.
- फायर-ग्राउंड (कॅमेरप्ट) : वॉटर २.५६ पट, ग्राउंड १.६ पट.
- स्टील-ग्राउंड (एक्सकॅड्रिल, स्टीलिक्स) : फायर, वॉटर, फायटिंग आणि ग्राउंड. आइस व ग्रास साधे लागतात.
- आइस-ग्राउंड (मॅमोस्वाइन) : फायर, वॉटर, ग्रास, फायटिंग आणि स्टील.
- पॉयझन-ग्राउंड (निडोकिंग, निडोक्वीन) : वॉटर, आइस, ग्राउंड आणि सायकिक.

समोरच्यालाही हाच हिशेब लागू होतो. चारिझार्ड फायर आणि फ्लाइंग असा दुहेरी आहे. फायरमुळे मिळालेला फायदा फ्लाइंग खाऊन टाकतो आणि ग्राउंडचा हल्ला ०.६२५ पटीवर येतो. झॅप्डॉस, मोल्ट्रेस आणि हो-ओह यांची गतही तीच. यांच्यासमोर रॉकचा हल्ला वापरा, कारण फ्लाइंगला रॉक जोरात लागतो. ग्राउंड आणि रॉक यांची गल्लत करू नका. दोघे एकाच पोकेमॉनमध्ये पुष्कळदा एकत्र येतात, पण फ्लाइंगसमोर एक कुचकामी ठरतो आणि दुसरा जिंकून देतो.

उलट मॅग्नेझोन (इलेक्ट्रिक-स्टील), हीट्रान (फायर-स्टील), ॲग्रॉन (स्टील-रॉक) आणि नायहिलेगो (रॉक-पॉयझन) यांना ग्राउंड २.५६ पट लागतो. हे समोर आले तर ग्राउंडच काढा.

पायरी ४ : आभाळ पाहा, कारण बीडचं आभाळ ग्राउंडच्या बाजूचं आहे

खेळात तुमच्या भागातलं हवामान वरच्या बाजूला चिन्हाने दाखवलेलं असतं. हवामान जुळलं तर रेडमध्ये त्या टाइपच्या हल्ल्याला १.२ पट बळ मिळतं. आपल्याला लागणाऱ्या जोड्या अशा:

- निरभ्र आकाश : ग्राउंड, ग्रास, फायर
- पाऊस : वॉटर, इलेक्ट्रिक, बग
- थोडे ढग : नॉर्मल, रॉक
- दाट ढग : फेअरी, फायटिंग, पॉयझन
- जोराचा वारा : ड्रॅगन, फ्लाइंग, सायकिक
- धुकं : डार्क, घोस्ट
- बर्फ : आइस, स्टील

आष्टी-पाटोद्यापासून केज-अंबाजोगाईपर्यंतचा बालाघाटाचा पट्टा पर्जन्यछायेचा. परतीचा पाऊस सरला की दिवाळीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत आकाश बहुतेक मोकळंच असतं. म्हणजे वर्षातला मोठा काळ ग्राउंडच्या हल्ल्याला फुकटची भर मिळत राहते. बर्फ आपल्याकडे पडतच नाही, म्हणून ग्राउंडचा वैरी आइस याला बीडमध्ये हवामानाचं बळ मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

फायदा इथेच संपत नाही. हवामान जुळलेल्या टाइपचे पोकेमॉन रानात जास्त दिसतात आणि पकडताना वरच्या पातळीचे मिळतात, कमाल ३० ऐवजी ३५ पातळीपर्यंत. साध्या पोकेमॉनमागे १०० ऐवजी १२५ स्टारडस्ट मिळतो. हवामान जुळलेल्या रेडमध्ये पकडलेला पोकेमॉन २० ऐवजी २५ व्या पातळीचा असतो. निरभ्र आकाशाखाली पकडलेला ग्राउंड पोकेमॉन वाढवायला त्यामुळे कमी खर्च येतो.

गुणाकार मांडून पाहा. एक्सकॅड्रिलचा मड-स्लॅप मॅग्नेझोनवर: २.५६, त्यावर स्वतःच्या टाइपची १.२, त्यावर निरभ्र आकाशाची १.२, मिळून सुमारे ३.६९ पट. तोच मड-स्लॅप, तेच आकाश, पण समोर झॅप्डॉस: ०.६२५ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे ०.९ पट. पोकेमॉन तोच, मूव्ह तीच, आणि फरक चौपटीहून अधिक.

दोन गोष्टींची काळजी घ्या. निरभ्र आकाश ग्राउंडबरोबर ग्रासलाही बळ देतं, म्हणून उघडिपीत ग्रासच्या रेडमध्ये ग्राउंड उतरवणं दुप्पट घातक. आणि पावसाळ्यात पाणी बळावतं. जून ते सप्टेंबरमध्ये वॉटरसमोर ग्राउंड नकोच. मात्र पावसात इलेक्ट्रिकची रेड आली तर ग्राउंडच उत्तम, कारण वीज १.२ पट बळावली तरी ग्राउंडवर ती निम्म्याहून कमीच बसते.

पायरी ५ : कोणाला वाढवायचं, ते ऐपतीप्रमाणे ठरवा

स्टारडस्ट साठवायला महिने लागतात. एक पोकेमॉन पहिल्या पातळीपासून ४० पर्यंत न्यायला २ लाख ७० हजार स्टारडस्ट लागतो. म्हणून सगळ्यांवर थोडा थोडा टाकू नका. आपली स्थिती पाहून निवडा.

नुकतेच खेळू लागला असाल तर : ड्रिलबर मिळाला तर सोडू नका. ५० कँडीत त्याचा एक्सकॅड्रिल होतो आणि त्याला दोन्ही मूव्ह ग्राउंडच्या मिळू शकतात. रायहॉर्नपासून रायडॉन २५ कँडीत होतो, मड-स्लॅप आणि अर्थक्वेक असलेला रायडॉन सुरुवातीच्या रेडसाठी पुरेसा आहे. पुढे १०० कँडी आणि सिनो स्टोन मिळाला की त्याचाच रायपेरियर करा.

थोडे स्थिरावले असाल तर : गिबल जमवा. २५ आणि मग १०० कँडीत गारचॉम्प होतो. मड शॉट आणि अर्थ पॉवर असलेला गारचॉम्प ग्राउंडचं काम उत्तम करतो. अर्थ पॉवर ही त्याची कम्युनिटी डेची मूव्ह आहे. ती जून २०२१ मध्ये दिली गेली होती. अशी मूव्ह एरवी उत्क्रांती करून मिळत नाही. एलिट चार्ज्ड टीएम वापरावा लागतो किंवा खेळात पुन्हा तशी संधी येईपर्यंत थांबावं लागतं. तुमच्याकडे अनेक चांगले गिबल असतील तर सगळ्यांची घाईने उत्क्रांती करू नका, एक-दोन राखून ठेवा.

लेजेंडरी रेड करत असाल तर : ग्राउडॉन. शुद्ध ग्राउंड असल्याने दुहेरी कमजोरी नाही. मात्र त्याला दुसरी चार्ज्ड मूव्ह द्यायला १ लाख स्टारडस्ट आणि १०० कँडी लागतात. रेडसाठी एक चांगली ग्राउंड मूव्ह पुरते, हा खर्च टाळा.

बॅटल लीग खेळत असाल तर : मडकिपपासून स्वॅम्पर्ट. मडकिप सुरुवातीच्या पोकेमॉनांपैकी असल्याने दुसरी मूव्ह १० हजार स्टारडस्ट आणि २५ कँडीत मिळते. त्याची हायड्रो कॅनन ही मूव्हही कम्युनिटी डेची, जुलै २०१९ ची. उत्क्रांतीआधी ती मिळण्याची संधी आहे का ते पाहा.

पायरी ६ : कुठे उतरवायचा

रेडमध्ये. ग्राउंडचं खरं काम इथे. रायकू, झर्कीट्री, एन्टेई, हीट्रान, नायहिलेगो, डायल्गा, झेक्रॉम, रेशिराम या सगळ्यांना ग्राउंड जोरात लागतो. पण समोरचा काय मारतो तेही पाहा. झेक्रॉम आणि डायल्गा ड्रॅगनच्या मूव्ह मारू शकतात. त्या गारचॉम्पला १.६ पट लागतात, एक्सकॅड्रिलला स्टीलमुळे कमी लागतात. इथे एक्सकॅड्रिल पुढे ठेवा. हीट्रानच्या आगीपुढे उलट आहे: एक्सकॅड्रिलला आग जास्त लागते, गारचॉम्पला कमी. इथे गारचॉम्प पुढे.

खेळ आपोआप सहा पोकेमॉनांचा संघ सुचवतो, तो तसाच घेऊन रेडमध्ये शिरू नका. तो संघ बहुतेक वेळा मार झेलणाऱ्यांकडे झुकलेला असतो. पंचतारांकित रेडला ३०० सेकंदच मिळतात, तिथे नुकसान करणारे हवेत. स्वतःचा संघ निवडून नाव देऊन जपून ठेवा.

बॅटल लीगमध्ये. इथे हवामानाचा काहीही परिणाम होत नाही. निरभ्र आभाळाच्या भरवशावर लीगमध्ये उतरू नका. ग्रेट लीगला १५००, अल्ट्रा लीगला २५०० सीपीची मर्यादा आहे. स्वॅम्पर्ट, क्वॅगसायर किंवा व्हिस्कॅश घेतला तर ग्रासचा बंदोबस्त करणारा जोडीदार हवाच. टॅलनफ्लेम ही चांगली जोडी: तो ग्रासला जाळतो, आणि त्याला घातक असलेल्या रॉक व इलेक्ट्रिकला तुमचा ग्राउंड सांभाळतो.

जिम राखायला. इथे ग्राउंडचा फारसा उपयोग नाही. पाण्याचे पोकेमॉन सगळ्यांकडेच असतात, तुमचा ग्राउंड लवकर पडेल.

गावात पोकेस्टॉप नसेल तर

डिसेंबर २०१६ मध्ये हा खेळ भारतात रिलायन्स जिओशी झालेल्या करारातून आला, तेव्हा रिलायन्सची दुकानंही पोकेस्टॉप आणि जिम झाली होती. तरीही शहरं सोडली तर ठिकाणं विरळच. वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनी हे मार्ग धरावेत:

- ॲडव्हेंचर सिंक सुरू ठेवा. खेळ बंद असतानाही पावलं मोजली जातात, अंडी उबतात आणि जोडीदार पोकेमॉनची कँडी मिळते. गिबल किंवा ड्रिलबरला जोडीदार करा.
- डेली ॲडव्हेंचर इन्सेन्स रोज एकदा फुकट मिळतं. १५ मिनिटं चालत राहा, पोकेमॉन येत राहतात.
- बॅटल लीग घरी बसून खेळता येते. दिवसाला पाच-पाच लढतींचे पाच संच असतात आणि बक्षिसात स्टारडस्ट मिळतो. फक्त नेटवर्क चांगलं हवं.
- पुणे किंवा छत्रपती संभाजीनगरला असलेले भाऊबंद मित्रयादीत घ्या. ते रेडचं निमंत्रण पाठवू शकतात. रिमोट रेड पासला मात्र नाणी लागतात. जिमचं चक्र फिरवून मिळणारा रोजचा एक साधा पास फुकट असतो, पण तो जिमपाशी जाऊनच वापरता येतो.
- खेळाची भाषा हिंदी करता येते. २०२३ मध्ये ही सोय आली. देवनागरी सराईतपणे वाचणाऱ्या लहान भावंडांना तिचा फायदा होतो.

बाहेर पडताना

निरभ्र आकाशाचा फायदा हवा म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पडू नका. पारा चाळिशीपार जातो तेव्हा उष्माघात जिवावर बेततो. खेळात निरभ्र दिवस आणि निरभ्र रात्र यांना ग्राउंडसाठी सारखंच बळ आहे. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला गावातल्या उजेडाच्या जागी खेळा. फायदा तसूभरही कमी होत नाही.

- गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, अंधारात मागचे दिवे दिसत नाहीत. रस्त्याकडेने चालताना फोन खिशात ठेवा. दुचाकीवर तर तो उघडायचाच नाही.
- शेतातल्या कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी यांच्या आसपास पडद्यावर नजर लावून चालू नका. बिंदुसरेला पाणी आलेलं असताना पुलाजवळ थांबू नका.
- धारूरच्या किल्ल्यावर कड्याजवळ खेळू नका. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या कुंपणातल्या जागेत शिरू नका. नायगावच्या मयूर अभयारण्यात वन खात्याचे नियम लागू असतात.
- कंकालेश्वर, वैजनाथ, योगेश्वरी ही श्रद्धेची ठिकाणं आहेत. आवारात गर्दी करून आरडाओरडा करू नका. कोणी हटकलं तर हुज्जत न घालता बाजूला व्हा.

पैसे, खातं आणि तुमचे हक्क

ग्राउंडचा संघ पैसे न घालताही उभा राहतो. जिममध्ये पोकेमॉन ठेवून दिवसाला ५० पर्यंत नाणी फुकट मिळतात. तरीही पैसे घालायचे असतील तर हे पाळा:

- घरच्यांच्या फोनवर खेळणाऱ्या मुलांसाठी : आई-वडिलांनी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा सक्तीचा करावा. यूपीआय पिन मुलांना सांगू नये.
- खातं विकत घेऊ नका, विकू नका. ते खेळाच्या अटींविरुद्ध आहे. मूळ मालक खातं परत घेऊ शकतो आणि तुमचे पैसे बुडतात.
- खोटं ठिकाण दाखवणारी ॲप टाळा. गावात स्टॉप नाहीत म्हणून हा मोह होतो. पण शिक्षा टप्प्याटप्प्याने वाढते: पहिल्यांदा सात दिवस इशारा आणि मर्यादा, दुसऱ्यांदा ३० दिवस खातं बंद, तिसऱ्यांदा कायमचं बंद. वर्षानुवर्षांचा स्टारडस्ट एका दिवसात जातो.
- फुकट नाण्यांचं आमिष दाखवून ओटीपी किंवा पासवर्ड मागणारा फसवतोच आहे. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. जितकी घाई कराल तितकी रक्कम थांबवली जाण्याची शक्यता जास्त.
- पैसे कापले गेले पण नाणी आली नाहीत तर खरेदीची पावती जपून आधी खेळातल्या मदतकेंद्राकडे आणि प्ले स्टोअरकडे तक्रार करा. दाद मिळाली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.
- पैजा लावू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. पोकेमॉन गोमध्ये पैज नाही, म्हणून तो खेळण्यात गैर काही नाही. पण मित्रांच्या गटात लढतीवर पैसे लावायला कोणी सांगत असेल तर त्यातून बाहेर पडा.
- तुमच्या घरावर किंवा शेतात पोकेस्टॉप दाखवला जात असेल आणि त्रास होत असेल तर तो काढून टाकण्याची विनंती करता येते.

स्टारडस्ट घालण्याआधीचे पाच प्रश्न

१. याच्या दोन्ही मूव्ह ग्राउंडच्या आहेत का?
२. याच्या दुसऱ्या टाइपमुळे कोणता हल्ला २.५६ पट लागतो?
३. तो कोणत्या रेडसाठी हवा आहे, आणि समोरचा फ्लाइंग, ग्रास किंवा बग तर नाही ना?
४. निरभ्र आकाशात पकडलेला, वरच्या पातळीचा दुसरा माझ्याकडे आहे का?
५. उत्क्रांतीआधी खास मूव्ह मिळण्याची संधी थांबून घेता येईल का?

पाचही उत्तरं मिळेपर्यंत बटण दाबू नका. ती समाधानकारक असतील तर मात्र सगळा स्टारडस्ट दोन-तीन पोकेमॉनांवरच घाला, त्यांच्याशिवाय इतरांना वाटू नका. निम्म्या पातळीवर अडकलेल्या दहा पोकेमॉनांपेक्षा पूर्ण वाढलेले एक्सकॅड्रिल आणि गारचॉम्प तुम्हाला अधिक रेड जिंकून देतील.